तांबं संपलं, बर्फ उरला

मिशिगन राज्यातल्या ‘यू.एस. ४१’ महामार्गाने उत्तरेला जाताना मोहॉक नावाचं खेडं मागे पडलं की रस्त्याच्या कडेला तीन मजली उंचीची एक मोजपट्टी उभी दिसते. लोक तिला थर्मामीटर म्हणतात, पण तापमानाशी तिचा काडीचा संबंध नाही. ती बर्फाची आहे. अगदी वर, मान मागे टाकली तर टोपी पडेल इतक्या उंचीवर, आकडा आहे ३९०.४ इंच. १९७८-७९ च्या हिवाळ्यात किविनॉ काउंटीत एवढा बर्फ पडला होता. म्हणजे साडेबत्तीस फूट. त्याच्या बऱ्याच खाली गेल्या हिवाळ्याच्या आकड्याची खूण असते. जुलैच्या उन्हात अर्ध्या चड्डीतले पर्यटक या पट्टीखाली उभे राहून फोटो काढतात आणि ‘बाप रे’ म्हणतात. त्यांच्या शेजारून गाडी हाकत जाणारा स्थानिक माणूस मात्र ती खालची खूण पाहून जरा खट्टू होतो. शेजाऱ्याच्या मुलाला पंच्याण्णव टक्के पडावेत आणि आपल्याला सत्तर, तसा.

मुंबईत वर्षाला नव्वदेक इंच पाऊस पडतो आणि तेवढ्यात लोकल बंद पडतात. अर्थात पावसाचा इंच आणि बर्फाचा इंच एक नव्हे. इंचभर पाणी फुगून दहा-पंधरा इंच भुसभुशीत बर्फ होतो. पण हा हिशेब किविनॉत कुणाला सांगू नये. तिथे बर्फाचे इंच कमी करून सांगणं हे अपमानात मोडतं.

हा किविनॉ म्हणजे लेक सुपीरियर या समुद्राएवढ्या तळ्यात घुसलेली जमिनीची वाकडी जीभ. एवढा बर्फ इथेच का, याचं उत्तर मराठी माणसाला नकाशाशिवाय कळेल. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन आलेला वारा सह्याद्रीला धडकतो आणि महाबळेश्वर भिजवतो. इथे कॅनडाकडून येणारा कोरडा, गारठलेला वारा त्यामानाने उबदार असलेल्या तळ्यावरून येताना पोटभर पाणी पितो आणि समोर किविनॉचा डोंगरकणा आला की सगळं ओकून टाकतो. फरक इतकाच की महाबळेश्वरचं पाणी वाहून जातं. हे नोव्हेंबरात येतं ते एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकतं. आपल्याकडे नऊ महिने हिवाळा असतो आणि उरलेले तीन महिने घसरगाडीला बर्फ जरा कमी पडतो, असं इथले लोक स्वतःच सांगतात.

किविनॉ ज्या भागात येतो त्याचं नाव अप्पर पेनिन्सुला, म्हणजे वरचा द्वीपकल्प. बोलताना फक्त यू.पी. ‘मी यू.पी.चा’ असं तिथल्या माणसाने सांगितलं की समोरच्या मराठी माणसाला आधी लखनौ आठवतं आणि तो चक्रावतो. या यू.पी.वाल्यांना म्हणतात ‘यूपर’. २०१४ साली हा शब्द मेरियम-वेबस्टरच्या शब्दकोशात गेला, तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला स्वस्थता मिळाली. मिशिगनचे दोन तुकडे १९५७ साली मॅकिनॉ पुलाने जोडले. तेव्हापासून पुलाच्या खालच्या, दक्षिणेकडच्या जनतेला यूपर लोक ‘ट्रोल’ म्हणतात, कारण गोष्टीतले राक्षस पुलाखाली राहतात. डेट्रॉइट, लान्सिंग, विद्यापीठं, मोटारींचे कारखाने यांच्यासकट कोटभर लोक एका शब्दात पुलाखाली ढकलले गेले. डेट्रॉइटहून किविनॉच्या टोकापर्यंत साधारण सहाशे मैल पडतात. त्यापेक्षा वॉशिंग्टन जवळ.

हा मुलूख मिशिगनला मिळाला तोच मुळी उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून. १८३५ साली मिशिगन आणि ओहायो टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून हमरीतुमरीवर आले. याला इतिहासात टोलेडो युद्ध म्हणतात. युद्धात सांडलेलं रक्त मोजायचं तर एका डेप्युटी शेरीफला चाकूने झालेली जखम, तीही साध्या पेनचाकूची. चाकू चालवणाऱ्या तरुणाचं नाव ‘टू’ स्टिकनी. त्याच्या थोरल्या भावाचं नाव ‘वन’. बारशाच्या बाबतीत वडिलांनी फार डोकं चालवलेलं दिसत नाही. शेवटी टोलेडो ओहायोला गेलं आणि मिशिगनची समजूत काढायला वरचं ओसाड, गोठलेलं जंगल दिलं गेलं. लोकांनी कपाळाला हात लावला. १८३७ साली मिशिगन रीतसर राज्य झालं आणि चारच वर्षांनी, १८४१ मध्ये, भूवैज्ञानिक डग्लस होटन यांचा अहवाल आला की या जंगलाखाली तांबं आहे. तेही दगडातून वितळवून काढायचं नाही, तर धातूच्या रूपातच पडलेलं. टोलेडोवाल्यांचे चेहरे तेव्हा पाहण्यासारखे झाले असणार.

पुढची शंभर वर्षं किविनॉ म्हणजे ‘कॉपर कंट्री’. कॉर्नवॉलचे खाणकरी आले, मग फिन, इटालियन, क्रोएशियन, स्लोव्हेनियन. हॅनकॉक गावावरच्या टेकडीवरची क्विन्सी खाण १८४६ पासून १९४५ पर्यंत चालली. १८६८ ते १९२० दरवर्षी न चुकता लाभांश दिला म्हणून तिचं टोपणनाव पडलं ‘ओल्ड रिलाएबल’, आपल्या भाषेत भरवशाची म्हातारी. तिचा दुसऱ्या नंबरचा तिरका खड्डा उतारावर मोजला तर ९,२६० फूट लांब आहे. कळसूबाई ५,४०० फुटांची. आपलं सगळ्यात उंच शिखर उलटं करून त्यात सोडलं तरी खाली जागा उरेल. एवढ्या खोलीतून माल ओढायला कंपनीने जगातलं सर्वात मोठं वाफेवरचं खाण-ओढयंत्र बसवलं. १९२० साली ते सुरू झालं आणि १९३१ साली थांबलं. हौसेने आणलेला मोठा फूड प्रोसेसर जसा चारदा वापरून ओट्यावर कायमचा बसतो, तसं ते यंत्र आज आपल्या खास इमारतीत बसलेलं आहे आणि लोक तिकीट काढून त्याला पाहायला येतात.

खाणी गेल्या. कॅल्युमेट अँड हेक्ला ही सगळ्यात बलाढ्य कंपनी १९६८ च्या संपानंतर पुन्हा उठली नाही. तांबं विकून आलेला पैसा बराचसा बॉस्टनच्या भागधारकांकडे गेला होता. बर्फावर मात्र बॉस्टनवाल्यांनी कधी हक्क सांगितला नाही. तेव्हा मिरवायला जे हाताशी उरलं, ते लोकांनी मिरवायला घेतलं.

आता सकाळचं दृश्य पाहा. पाच वाजले आहेत, काळोख आहे आणि रात्रीत चौदा इंच पडलाय. होटन किंवा हॅनकॉक या गावांतला एक गृहस्थ पायात गुडघ्याएवढे बूट, हातात हरणाच्या कातड्याचे ‘चॉपर’ नावाचे पंजे आणि डोक्यावर ‘चूक’ घालून बाहेर पडतो. चूक म्हणजे लोकरीची कानटोपी. मराठी वाचकाने गैरसमज करून घेऊ नये. त्याच्या हातात फावडं नसतं. फावड्याने बर्फ उचलणारा माणूस एकतर नवखा असतो किंवा पाठीच्या डॉक्टरचं गिऱ्हाईक. इथलं खरं हत्यार म्हणजे ‘यूपर स्कूप’. धान्य पाखडायच्या सुपाएवढं नव्हे, सूप मनात आणून ते चौपट करा, पत्र्याचं करा आणि त्याला बाळाच्या ढकलगाडीसारखा दोन हातांनी धरायचा दांडा लावा. हे सूप बर्फात घुसवायचं, दांडा खाली दाबायचा, भरलेलं सूप सरकवत अंगणाच्या कडेला न्यायचं, ढिगाऱ्यावर चढवायचं आणि उपडं करायचं. उचलायचं काहीच नाही. मग उलट्या सुपाने तो ढीग थापायचा. या थापण्याला इथे ‘पँक’ करणं म्हणतात. पोरं घसरगुंडी पँक करतात, बाप ढिगाची भिंत पँक करतो. गोवऱ्या थापणाऱ्या आपल्या आजीला ही क्रिया समजावून सांगायला एक मिनिटही लागलं नसतं.

पाऊण तासात अंगण लख्ख होतं. गृहस्थ कंबरेवर हात ठेवून आपल्या कामाकडे पाहतो, आणि नेमकी त्याच क्षणी कोपऱ्यावरून सरकारी नांगरगाडी वळते. रस्ता साफ करत करत ती याच्या फाटकाच्या तोंडाशी कंबरभर उंचीचा, दगडासारखा घट्ट बांध घालून निघून जाते. हा बर्फ परत रस्त्यावर टाकावा तर मिशिगनच्या कायद्याने तो गुन्हा. सरकार माल तुमच्या दारात आणून टाकू शकतं, तुम्हाला तो साभार परत करता येत नाही. साहित्यिक मासिकांचे संपादक निदान पोस्टाने तरी पाठवतात.

फेब्रुवारीपर्यंत दोन्ही बाजूंच्या भिंती इतक्या चढतात की चौकात वळताना समोरून काय येतंय ते दिसत नाही. म्हणून काही जण गाडीच्या एरियलच्या टोकाला भगव्या रंगाचा छोटा झेंडा लावतात. गाडी दिसत नाही, पण भिंतीवरून एक झेंडा आपल्या दिशेने डुलत येताना दिसला की ब्रेक दाबायचा. आगीच्या नळांना उंच काठ्या लावलेल्या असतात, नाहीतर आग लागल्यावर बंबवाल्यांना आधी उत्खनन करावं लागेल. जुन्या घरांच्या दारापासून रस्त्यापर्यंत लाकडी छताची बोळकांडी उभारतात. छपरावरून पागोळ्या गळण्याऐवजी गोठून भाल्यासारख्या लोंबतात आणि पाहुण्याला त्यांच्याखाली उभं राहून बेल वाजवायला संकोच वाटतो.

छपरावरच्या बर्फाचं काय, हा तर घरोघरीचा वाद. आपल्याकडे जसे बंडू आणि गंपू, तसे इथे विनोदांचे मालक तोइवो आणि एइनो. तोइवो विचारतो, ‘अरे, छप्पर साफ केलंस का?’ एइनो म्हणतो, ‘ज्याने टाकलाय तो मे महिन्यात काढून नेईल.’ बायको शेजारी उभी असेल तर एइनो शिडी आणायला जातो.

तोइवो-एइनो ही फिनिश नावं उगाच नाहीत. फिनलंडमधून लोक इतक्या संख्येने आले की हॅनकॉकच्या रस्त्यांच्या पाट्या आजही दोन भाषांत आहेत. क्विन्सी स्ट्रीटखाली ‘क्विन्सीनकातू’ लिहिलेलं असतं. त्यांनी दोन गोष्टी आणल्या. पहिली ‘सिसू’, म्हणजे काहीही झालं तरी दात-ओठ खाऊन टिकून राहायचं. दुसरी साउना. तिला ‘सॉना’ म्हणणाऱ्या पाहुण्याला इथे तत्काळ दुरुस्त केलं जातं. पुण्यात ‘चितळे’ चुकीचं उच्चारलं तर ज्या नजरेला तोंड द्यावं लागेल, तीच नजर.

बर्फाचा देव मात्र फिनलंडहून आलेला नाही. तो इथेच तयार झाला आणि त्याची जन्मतारीखही फार जुनी नाही. १९७० साली अटलांटिक माइन गावात स्नोमोबिलची शर्यत ठरली आणि नेमका बर्फ पडेना. तेव्हा डेव्हिड रियुट्टा यांनी हेइकी लुंटा नावाच्या देवाला आळवणारं एक गाणं रचलं. नावाची गंमत अशी की हँक स्नो नावाचे एक प्रसिद्ध गायक होते, त्यांच्या नावाचा हा फिनिश अवतार. आपल्याकडे पाऊस लांबला की धोंडी काढतात, बेडकांची लग्नं लावतात. त्याच जातीचा हा प्रकार, फक्त रेडिओवरून केलेला. देव पावला. इतका पावला की ‘आता पुरे, परत जा’ असं दुसरं गाणं करावं लागलं. दुसऱ्या गाण्याचा परिणाम पहिल्याच्या मानाने कमीच दिसतो.

खाण्याचं दैवत आहे पॅस्टी. हिला पेस्ट्री म्हणू नये, तीही दुरुस्तीला पात्र चूक. मैद्याची पोळी, आत गोमांस, बटाटा, कांदा आणि रुटाबागा नावाचा सलगमचा एक चुलतभाऊ. पोळी दुमडायची आणि कडेला मुरड घालायची. म्हणजे करंजीच, पण दिवाळीची नाजूक करंजी नव्हे, एक खाल्ली की रात्रीचं जेवण टळावं अशी. कॉर्नवॉलचे खाणकरी ती डब्यात घेऊन जमिनीखाली उतरत. फिन लोकांनी ती पाहिली आणि हीच अमेरिकन पद्धत असं समजून उचलली. आता प्रत्येक घराची पॅस्टी हीच अस्सल, आणि लढाई उरली आहे ती एकाच मुद्द्यावर: तिच्यावर केचप घ्यायचं की ग्रेव्ही. या प्रश्नावर लग्नं मोडल्याची नोंद नाही, पण पानावर बसलेले लोक एकमेकांच्या ताटाकडे ज्या कीवेने पाहतात ते पाहता नोंद राहून गेली असावी. रुटाबागा घालावा की नाही, यावर तर बोलूच नये.

कॅल्युमेट हे या मुलखाचं उतरत्या वैभवाचं गाव. इथलं तांबं कुणाच्या तरी डुकरांनी खड्ड्यात पडून शोधलं अशी आख्यायिका आहे. दुसरी आख्यायिका अशी की कॅल्युमेट एका मताने मिशिगनची राजधानी होता होता राहिलं. ही दुसरी तर गावकरी छातीवर हात ठेवून सांगतात. वस्तुस्थिती अशी की राजधानी १८४७ साली लान्सिंगला गेली आणि कॅल्युमेटची तांब्याची शीर सापडली १८६४ मध्ये, म्हणजे मतदानाच्या वेळी उमेदवाराचा जन्मच झालेला नव्हता. पण ज्या गावाने १९०० साली नगरपालिकेच्या शिल्लक पैशातून स्वतःचं नाट्यगृह बांधलं, त्याला थोडी बढाई माफ. तिजोरीत पैसे उरले म्हणून थिएटर बांधणारी नगरपालिका हीच मुळात पुराणकथेत शोभणारी गोष्ट आहे. सुरुवातीला इथे बाराशेच्या आसपास खुर्च्या होत्या आणि साक्षात सारा बर्नहार्ट इथे प्रयोग करून गेली. आज गावची वस्ती सहाशेच्या घरात आहे, म्हणजे पाळण्यातल्या पोरापासून आजोबांपर्यंत सगळे आले तरी जुनं नाट्यगृह अर्धं रिकामं राहिलं असतं. भुताची सोय मात्र आहे. हेलेना मॉजेस्का ही पोलिश अभिनेत्री इथे येऊन गेली होती. १९५८ साली एक नटी रंगमंचावर वाक्य विसरली, तेव्हा केव्हाच दिवंगत झालेल्या मॉजेस्काने तिला वरून वाक्य सुचवलं म्हणे. आपल्याकडे जिवंत प्रॉम्प्टरही वेळेवर बोलत नाहीत.

त्याच कॅल्युमेटमध्ये विटा आणि वाळूच्या दगडाची एक कमान एकटीच उभी आहे. १९१३ च्या खाणकामगारांच्या संपात, २४ डिसेंबरला, इटालियन हॉलमध्ये संपकऱ्यांच्या मुलांसाठी नाताळची मेजवानी चालू होती. कुणीतरी ‘आग’ असं ओरडलं. आग नव्हती. जिन्यात चेंगरून ७३ माणसं मेली, त्यांतली बहुतेक मुलं. हॉल १९८४ साली पाडला, दाराची कमान ठेवली. या कमानीपाशी तोइवो-एइनोचे विनोद कुणी सांगत नाही.

होटन आणि हॅनकॉक यांच्यामध्ये पाणी आहे आणि पाण्यावर एकच पूल, १९५९ चा. मधला तुकडा लिफ्टसारखा वर जातो आणि खालून बोटी जातात. पूल दुमजली. पूर्वी खालून आगगाडी जायची. आता पाणी गोठलं की मधला तुकडा पुरता खाली आणतात, वरून मोटारी आणि खालच्या मजल्यावरून स्नोमोबिल धावतात. पूल बिघडला तर पलीकडचा सगळा मुलूख बेट होतो. तिथले लोक स्वतःला तसंही ‘कॉपर आयलंड’वरचे म्हणवून घेतात, त्यामुळे तक्रारीचा सूर फारसा चढत नाही.

होटनमध्ये १८८५ साली खाणकामाची शाळा निघाली. खाणी बुडाल्या, शाळा वाढली आणि आज ती मिशिगन टेक विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. भारतातून, त्यात महाराष्ट्रातूनही, मुलं इथे इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घ्यायला येतात. पहिल्या बर्फाला ती हॉस्टेलबाहेर धावतात, घरी व्हिडिओ कॉल लावतात. आई बर्फाकडे न बघता ‘कान झाकलेस का’ एवढंच विचारते. एप्रिलमध्येही तोच बर्फ खिडकीबाहेर असतो. तेव्हा कॉल आवाजापुरता असतो. मधल्या काळात विद्यापीठ त्यांच्या हातात झाडू देतं. ब्रूमबॉल नावाचा हा खेळ हॉकीसारखा, पण साध्या बुटांनी बर्फावर खेळायचा आणि चेंडू मारायचा झाडूने. १९२२ पासून चालत आलेल्या विंटर कार्निव्हलमध्ये विद्यार्थी महिनाभर खपून बर्फाचे वाडे, किल्ले, पुतळे उभे करतात. दिवाळीत किल्ला केलेल्या पोराला इथे परकं वाटायचं कारण नाही, फक्त माती पांढरी. २००६ साली इथे ३,७४५ लोकांनी एकमेकांना बर्फाचे गोळे मारून विश्वविक्रम केला. तो नंतर दुसऱ्यांनी मोडला, ही बातमी होटनमध्ये फार मोठ्याने वाचली जात नाही.

द्वीपकल्पाच्या टोकाला कॉपर हार्बर. तिथे ‘यू.एस. ४१’ सुरू होतो किंवा संपतो, तुम्ही कुठून आलात त्यावर. रानात एक वळसा, एक लाकडी पाटी आणि पुढे रस्ता नाही. दुसरं टोक मायामीला, १,९९० मैलांवर, जिथे माणसं उन्हापासून पळत असतात. तिकडून कुणी गाडी चालवत आलंच तर त्याला वाटेत मोहॉकची पट्टी लागतेच. तुम्हीही जाणार असाल तर फेब्रुवारीत जा, जुलैत पाहिलेला किविनॉ इथले लोक हिशेबात धरत नाहीत. पॅस्टी मागवताना आधी शेजारच्या टेबलावर केचप आहे की ग्रेव्ही ते पाहून घ्या. आणि गाडी रात्री रस्त्यावर लावू नका. सकाळी नांगरगाडी येते.